एवढीशी लाट

नऊ डबे मी होडीतून आणले,
बटाट्याच्या पोत्यांत गुंडाळून.
सामन माशांच्या कारखान्याने टाकलेले,
पंधरा वर्षं माशांची वजनं मोजून दमलेले.
धक्क्यावर एदेल्मिरा बाई, डोक्याला लोकरी टोपी,
गळ्यात दोरा, दोऱ्याला बोटाएवढा पेन ड्राइव्ह.
म्हटलं, बाई, हे तर मेलेत.
म्हणाली, मेले नाहीत रे रोसेन्दो,
ह्यांच्या पाठीवर ओझं फार होतं.

शाळेतल्या शेगडीपाशी मांडले.
एकात उंदराचं घरटं, जाळ्याच्या निळ्या दोऱ्याचं;
पिल्लं मी मागच्या लाकडांत ठेवून आलो.
जनरेटर चारच तास. बाईने पेन ड्राइव्ह खोचला.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळाल्या,
होडीखालून सार्डिनचा थवा जावा तशा.
"पाचशे बारा एमबी," ती पुटपुटली,
मूठभर पीठ बघून एखादी म्हणते ना,
भागवू एवढ्यात, तसं.

आमच्या बेटावर घर हलवायचं तर पाडत नाहीत.
ओंडक्यांवर चढवतात, बैल जुंपतात,
सगळं गाव दोर ओढतं,
खिडक्यांचे पडदेसुद्धा जागेवर.
ह्या इर्जिकीला आम्ही मिंगा म्हणतो.
पैसा द्यायचा नाही, पण धन्याने जेवू घालायचं,
शिंपले, डुकराचं मांस, बटाट्याचे रोट,
हात आखडला तर नातवंडांपर्यंत नाव जातं.

म्हणून विचारलं, हे आतलं कितीला घेतलंस?
फुकट, म्हणाली. जगभरचे लोक लिहितात,
कामावरून घरी आल्यावर, रात्री.
मग त्यांना जेवायला कोणी घातलं?
बाईच्या हातात पेचकस तसाच राहिला.

सात लगेच उठले. आठवा दुसऱ्या रात्री, कुरकुरत.
नववा नाही उठला.
त्याची मेमरी चौथ्याला, पंखा सहाव्याला गेला,
खोक्यात आता माझी तांबडी कोंबडी बसते.

सगळ्यांवर तारीख एकच: एक जानेवारी, दोन हजार तीन.
आतली बटणाएवढी बॅटरी संपली
की यंत्र म्हणे पहिल्या दिवसाला परततं.
मला चाललं असतं.
तेव्हा होडी नवी होती आणि गुडघे होते.

पोरं तारीख दुरुस्त करायला बसली आणि हसून लोळली.
आमच्यात वर्षाला आन्यो म्हणतात,
एन अक्षराच्या डोक्यावर एवढीशी लाट असते.
ती गळली की वर्षाचं ढुंगण होतं.
कोणा दूरच्या भल्या माणसाने
ती लाट टाकायची विसरली होती,
आणि पडद्यावर शांतपणे विचारलेलं,
चालू ढुंगण कोणतं?

बाईही हसली. मग हसू आवरलं
आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शाळेत सिग्नल नसतो.
खाडीच्या मध्यावर, जुना दिवा डाव्या हाताला आला की
दोन काड्या लागतात. मी इंजिन बंद केलं.
ती फळीवर उभी राहिली, फोन वर धरून,
मी मागून तिचा कोट धरला.
एक शब्द. त्यातलं एक अक्षर.
त्याच्याही डोक्यावरची तेवढी लाट.
खालून तशा कितीतरी जात होत्या,
कोणाच्या नावावर न लागलेल्या.

"गेलं," ती म्हणाली.

डब्यात उकडलेले बटाटे होते, अजून कोमट.
दोघांनी खाल्ले.
तिसरा वाटा मी झाकणावर ठेवला,
का ते तिने विचारलं नाही.
धक्का यायच्या आत एका कुरवाने तो उचलला.

असू दे, म्हटलं.
कोणीतरी जेवलं.